समाचार घेणे

मी काही सोशल वर्कर वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि ह्याला कम्प्युटर येतो एवढ्या एका गुणावर आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, मला चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचा सेक्रेटरी केलंय. त्यामुळे अनाथ मुलांसाठी आमच्या चर्चने काय केलं आणि काय चुकलं हे पुढचं सगळं कागदं गोळा करणाऱ्या माणसाच्या नजरेने लिहिलेलं आहे, तसंच वाचा.

सुरुवात झाली 2023 च्या उन्हाळ्यात. ओळखीतून एक दाते आले, म्हणाले चर्चच्या मागे तुमची जागा पडीक आहे, तिथे अनाथ मुलांसाठी बालगृह बांधा, पंचवीस लाखापर्यंत मी देतो, आईच्या नावाची पाटी लावा. आमच्या कमिटीत एकमत व्हायला एरवी तीन मीटिंगा आणि एक भांडण लागतं, त्या दिवशी चहा यायच्या आत ठराव पास. मीच टाईप केला. खोल्या किती, पत्रा का स्लॅब, मुलांचे आणि मुलींचे जिने वेगळे का एकच, इथपर्यंत चर्चा गेली.

आमच्यात एक बाई आहेत, अंगणवाडीच्या सुपरवायझर म्हणून रिटायर झालेल्या, सगळे त्यांना सुपरवायझर बाईच म्हणतात. त्या शेवटपर्यंत गप्प होत्या आणि मग एवढंच विचारलं, मुलं कुठून आणणार?

कोणीतरी म्हणालं, मिळतील की, गरिबी काय कमी आहे का.

बाई म्हणाल्या, "म्हणजे गरिबांची आणणार. अनाथांची नाही."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की 2015 चा बाल न्याय कायदा आहे, त्यात रजिस्ट्रेशन नसताना मुलं ठेवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि मूल तुम्ही दारातून असं घेऊ शकत नाही, बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आदेश समितीचा. आणि त्याच कायद्यात लिहिलंय की संस्था हा शेवटचा उपाय, आधी घर, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, आणि कुठेच जमलं नाही तर संस्था. आम्ही सुरुवातच शेवटापासून करत होतो.

मला त्या रात्री झोप आली नाही, पण कायद्यामुळे नाही, माझ्या वडिलांमुळे. आमच्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठे शिकलात, तर उत्तर बोर्डिंग, म्हणजे मिशनच्या शाळेचं वसतिगृह. मिशनची बोर्डिंगं ही आमच्या समाजाची अर्धी जडणघडण आहे, 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात मिशननी हजारो पोरं सांभाळली, पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं ती त्याच काळात, ती नसती तर कित्येक घराणी आज नसती, माझं धरून. त्यातूनच मास्तर निघाले, नर्सा निघाल्या. तेव्हा बोर्डिंगला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण माझे वडील अनाथ नव्हते. आई होती त्यांना, चार कोसावर होती, विधवा होती आणि तिच्याकडे ज्वारी नव्हती. ती रविवारी उपासनेला चालत यायची, पदरात भाकरी बांधून आणायची, आणि उपासना संपली की घंटेला पोरगं आत आणि ती बाहेर. वडिलांना 80 वर्षं झाली तरी चर्चची घंटा वाजली की ते एकदम गप्प होतात. ती ज्वारी आजीच्या घरी पोहोचवायला काय खर्च आला असता हो? बोर्डिंगात त्यांच्यावर झाला त्याहून कमीच.

तर मुलं कुठून आणणार ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही लांब गेलोच नाही, आमच्याच मंडळीत दोन होती. अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा तिचा भाऊ. आई आजारात आधीच गेलेली, वडील टेम्पोवर ड्रायव्हर, हायवेला अपघातात गेले. मागे आजी, वडिलांची आई, खुरपायला जाणारी, श्रावणबाळ योजनेचे दीड हजार आणि रेशन. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, चांगल्या मनानेच सुचवलं होतं की मुलीला हॉस्टेलला घालू आणि मुलाला त्याच्या मामाकडे पाठवू. आजी म्हणाली, "मी मेल्यावर न्या बाबा, तवर राहू द्या."

सुपरवायझर बाई मला म्हणाल्या, सेक्रेटरी, ही केस बालसंगोपनची आहे, फाईल कर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, आईवडील दोन्ही नाहीत किंवा एकच आहे आणि घर सांभाळू शकत नाही अशा मुलांना घरातच, नातेवाईकांकडे वाढवायला महिन्याला पैसे मिळतात. आधी 1100 होते, 2023 पासून 2250 झाले, एका मुलाचे. शिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये स्पॉन्सरशिप आहे, महिना 4000, पण तिथे उत्पन्नाची अट आहे, खेड्यात वर्षाला 72 हजाराच्या आत, शहरात 96 हजार. आमच्या मंडळीत एकशे दहा घरं, त्यात शिक्षक पाच आणि तलाठी एक, तरी ह्यातलं एकालाही काही माहीत नव्हतं. दर वर्षी नाताळला आम्ही त्या मुलांना कपडे घेत होतो.

कागदं. मुलांचे आधार, शाळेचं बोनाफाईड, रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर उभं राहून पालक आणि मुलांचा एकत्र फोटो. ऐकायला काय, दुकानदाराला तर रोजचंच. पण आईचा मृत्यू नोंदवलेलाच नव्हता. एक वर्षाच्या वर गेलं की ग्रामपंचायतीत नुसती नोंद होत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याला अॅफिडेव्हिट, साक्षीदार, आणि ज्या दफनभूमीत पुरलं तिथला पुरावा. आता इथे चर्चचा उपयोग झाला बघा, आमच्या दफनाच्या रजिस्टरमध्ये तारीख, पाळकाची सही, सगळं होतं, धूळ झटकून त्याचा उतारा दिला. मुलाच्या आधारवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नव्हती, पण आमच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये खरी जन्मतारीख निघाली. चर्च अनाथांसाठी काय करू शकतं म्हणाल तर माझं पहिलं उत्तर हेच, तुमची रजिस्टरं नीट ठेवा.

फोटोच्या दिवशी आजीने ठेवणीतलं नऊवारी काढलं, दारापुढे सडा टाकला आणि धाकट्याच्या डोक्याला इतकं तेल लावलं की फोटोत चमकतंय. ही गरिबी दाखवायची फाईल आहे हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. नाही सांगितलं. गृहभेटीला आलेल्या ताईंनी फोटो पाहिला, हसल्या, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की घर स्वच्छ, आजीचं मुलांशी नातं घट्ट. ते तेल कामाला आलं.

मग जिल्ह्याच्या गावी समितीपुढे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, कोर्टासारखे अधिकार असतात त्यांना, पण खोली साधीच. जायचं म्हणजे आजीचा दिवसाचा रोज बुडतो, एसटीने दोन बदल्या, पोरगं गाडीत ओकणार. तरुण संघातल्या एकाने त्याची ईको काढली, पेट्रोल मंडळीचं. मुलीला समितीने एकटीला आत बोलावून विचारलं, कुठे राहायचंय. ती बाहेर आली तेव्हा काय बोललीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, आजीचे पाय दुखतात रात्री, ते सांगितलं.

आदेश झाला, पण पैसे खात्यात यायला आठ महिने गेले. कोणाचा दोष वगैरे मी काढत नाही, पैसे वरून येतात तेव्हा येतात. मुद्दा हा की त्या आठ महिन्यांत पोरं जेवणारच ना. तेव्हा वीस घरांनी महिन्याला दोनशे काढायचं ठरवलं, चार हजार, ट्रेझररकडे वेगळं खातं. पैसे आजीच्या हातात, कशाला वापरले ते विचारायचं नाही. ह्या शेवटच्या वाक्यावर आमचं ते ठरलेलं भांडण झालं. एका पंचाचं म्हणणं, किराणा आपण भरून देऊ, रोख नको. बाई म्हणाल्या, तुमच्या घरच्या किराण्याची यादी कोण करतं, मंडळी करते का?

आता माझी चूक. लपवण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबरात आमचा हंगामाचा सण असतो, नारळ, कोंबडी, भोपळा, केक, सगळ्याचा लिलाव होतो, गर्दी असते. मला वाटलं फंड वाढवायला हीच वेळ. मी माझ्याच दुकानात सहा बाय चारचा फ्लेक्स केला, अनाथ बालकांना मदतीचा हात, खाली दोघांचा फोटो, तोच तेल लावलेला. दोघांना पुढे बोलावून पाकीट दिलं, टाळ्या झाल्या, लोकांनी स्टेटसला टाकलं. त्या दिवशी फंडात एकोणीस हजार जमले आणि मी खूश. पुढच्या रविवारी मुलगी शब्बाथ शाळेला, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गाला, आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेलो तर ती भांडी घासत होती, वर न बघता म्हणाली, "काका, मी अनाथ नाही. मला आजी आहे."

शाळेत पोरांनी ते स्टेटस पाहिलं होतं.

सुपरवायझर बाईंनी माझा जो समाचार घेतला तो मी जन्मात विसरणार नाही. कायद्यानेच गुन्हा आहे म्हणाल्या, अशा मुलाचा फोटो, नाव, शाळा छापायची नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, कलम 74, आणि वर तू सेक्रेटरी. गंमत म्हणजे बायबलातल्या याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या, म्हणजे विचारपूस करा, असं जे आहे ते आम्ही लहानपणापासून पाठ म्हणत आलोय, आणि समाचार घेणे ह्याचे मराठीत दोन अर्थ होतात हे मला पन्नाशीत कळलं. आम्ही त्या मुलांचा दुसऱ्या अर्थाने घेतला होता. फ्लेक्स मी स्वतः फाडला. स्टेटस ज्यांनी टाकले होते त्यांना एकेकाला फोन करून काढायला लावले. मुलगी तीन महिन्यांनी परत आली, तेही पाळकीणबाई रोज संध्याकाळी सहज म्हणून तिच्याकडे मेथी निवडायला जात होत्या म्हणून.

त्यानंतर नियमच केला, स्टेजवर काही नाही. गुरुवारी पाळीने एक जण आजीकडे जातो. एक रिटायर्ड मास्तर गणित घेतात, एकाने पत्रे बदलले, महिला मंडळाने आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं आणि ते पाच दिवस स्वयंपाक पाठवला. आणि एक अवघड काम, आजीला उद्या काही झालं तर काय. ह्यावर कोणी बोलायला तयार नव्हतं, अपशकुन वाटतो. शेवटी आजीनेच विषय काढला. भोसरीला मुलांची मावशी आहे, तिला बोलावलं, दोन्हीकडचे बसले, मावशी तयार आहे. पोरं सुट्टीत आता तिकडे जातात, म्हणजे वेळ आली तर घर अनोळखी नको.

हे सगळं बघून आमच्यातलंच एक जोडपं पुढे आलं. दोघं चाळिशीत, मूल नाही. त्यांनी पूर्वी दत्तकाचं बघितलं होतं तेव्हा कोणीतरी सांगितलं की ख्रिस्ती लोकांना दत्तकाचा कायदा नाही, 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळतं, आणि त्यांनी नाद सोडला. ही माहिती जुनी झाली, बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, पण आमच्याकडे अजून तेच ऐकवतात. बरं, ह्यांना आता दत्तक नाही, फोस्टर केअर करायचं होतं, म्हणजे मूल आपलं होत नाही, समितीच्या आदेशाने आपल्या घरात राहतं. सहा वर्षांच्या वरच्या मुलांसाठी असतं ते. महिना 4000 मिळतात. केंद्राच्या 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षं मूल राहिल्यावर, ते दत्तक द्यायला कायद्याने मोकळं असेल तर, दत्तकही घेता येतं, पूर्वी पाच वर्षं थांबायला लागायचं.

अर्ज, पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, उत्पन्न, ओळखीच्या दोघांचे जबाब, घराची पाहणी. पाहणीला आलेल्या मॅडमनी शेजारच्यांना पण विचारलं, ह्यांचं भांडण होतं का. शेजारीण म्हणाली, होतं की, कोणाचं होत नाही. ते उत्तर मॅडमना आवडलं म्हणे.

आणि मग मूल ठरलं ते नऊ वर्षांचा मुलगा, बालगृहात चार वर्षं, आणि ख्रिस्ती नाही. समितीने सरळ विचारलं, रविवारी काय करणार? हा प्रश्न आम्हाला येणारच होता आणि यायलाच पाहिजे. नियमातही आहे, मुलाचा धर्म, भाषा, रीत बघायची. जोडप्याने सांगितलं, आम्ही उपासनेला जातो, तो यायचं म्हणाला तर येईल, नाहीतर शेजारी थांबेल, गणपतीला आरतीला जाईल, त्याचं नाव तेच राहील. समितीने लिहून घेतलं. मंडळीत एक वडीलधारे म्हणाले, मग आपला काय फायदा, बाप्तिस्मा कधी? पाळकसाहेब एरवी मऊ माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, जेवू घालायची पावती मागायची असेल तर हॉटेल काढा. मी एवढंच म्हणेन की ज्या मंडळीला हे पटत नसेल तिने ह्या कामात पडू नये.

मुलगा आला तेव्हा घरात कोणी मोठं शिरलं की उठून उभा राहायचा. बाथरूमला जायच्या आधी विचारायचा, जाऊ का. पहिल्या दिवशी ताट वाढलं तरी हात लावेना, मग कळलं तो बेलची वाट बघत होता. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. मंडळीने काय केलं? शर्ट आणले. चौदा शर्ट जमले एका आठवड्यात, दोन बॅट, एक सायकल. आणि ते दोघं दीड महिना झोपले नव्हते, ते कोणाला दिसलं नाही. शेवटी ती बाई एका रविवारी चर्चच्या पायरीवर बसून रडली, म्हणाली शर्ट नको, कोणीतरी दोन तास त्याला घेऊन बसा, मला झोपायचंय. म्हणजे परत तेच, वस्तू देणं सोपं. पण कोणालाही घेऊन बस म्हणता येत नाही, मूल समितीच्या आदेशावर आहे, तेव्हा दोनच घरं ठरवली आणि त्यांची नावं समितीला कळवली. शनिवारी दुपारी तो आता त्यांच्यापैकी एकाकडे असतो, मास्तरांच्या नातवाबरोबर कॅरम खेळतो आणि चिडला तर सोंगट्या उधळतो. सोंगट्या उधळल्या त्या दिवशी सुपरवायझर बाई खूश झाल्या, म्हणाल्या, घर वाटायला लागलं त्याला.

दात्यांचं काय झालं विचाराल. मी त्यांना सगळं समजावून पत्र लिहिलं, की इमारत नको, हे असं घरोघरी करू, पाच मुलांची पाच वर्षं सहज निघतील. त्यांनी विचारलं पाटी कुठे लावणार. मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी दुसरीकडे दिले, त्यांचे पैसे, त्यांची इच्छा. मंडळीत अजून काही जण मला ऐकवतात, पंचवीस लाख घालवले ह्याने. मागच्या जागेत पोरं क्रिकेट खेळतात.

वीस घरांची आता एकतीस झालीत. बालसंगोपनच्या अजून सहा फायली मी केल्या, त्यात फक्त दोन आमच्या मंडळीतल्या, बाकी गावातल्या, दुकानात झेरॉक्सला आलेल्या बायका. मृत्यूचा दाखला कशाला पाहिजे असं विचारलं की पुढचं निघतं.

आणि मागच्या महिन्यात फोन आला. त्या मुलाचा सख्खा चुलता सापडलाय, परभणीकडे, मजुरी करतो, बायको आहे, दोन पोरं आहेत, म्हणतोय पुतण्याला भेटायचंय. पहिलं घर, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, हा क्रम आम्हीच दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो. जोडप्याला पाळकसाहेबांनी बातमी सांगितली तेव्हा मी तिथे होतो. नवरा काही बोलला नाही, बायको आत गेली आणि मुलाच्या शाळेचे कपडे इस्त्री करत बसली, शनिवार होता तरी. प्रार्थना करूया म्हणून पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत, काय मागायचं ते त्यांनाही सुचेना. भेट पंचवीस तारखेला समितीच्या ऑफिसात आहे. ईको सांगून ठेवली आहे, चुलत्याच्या येण्याजाण्याचं भाडं फंडातून द्यायचं का ह्यावर उद्या मीटिंग आहे, आणि बहुतेक भांडण होणार.

मुलाने फक्त विचारलं, त्यांच्याकडे कॅरम आहे का.